एक्केचाळिसाव्या घाण्याची शिडी

नाव: कारखान्यात सगळे घोटेकाका म्हणतात, खरं नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतलं आहे. वय ५७. धंदा: शिड्यांच्या कारखान्यात मिश्रण विभागात कामगार. राहणार: कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी एकवीस वर्षं रेझिन, म्हणजे शिडी ज्याची ओततात ती चिकट राळ, घोटतो. त्यात सिलिकाची नॅनो पावडर पडते. ती सगळीकडे सारखी पसरली तर शिडी चिवट होते. नाही पसरली तर पाण्यात पीठ कालवताना होतात तशा गुठळ्या होतात आणि बरोबर तिथूनच तडा जातो. म्हणून थोडं थोडं घ्यायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि तीन तास घोटायचं. मग काचेच्या पट्टीवर एक थेंब पसरून उजेडात धरायचा. ठिपके दिसले की पुन्हा घोटायचं.

दिनांक ४ रोजी एक्केचाळिसावा घाणा, म्हणजे एका वेळचं मिश्रण, मी घोटला. प्रयोगशाळेतल्या ताईंनी काचपट्टी पाहिली आणि तिच्यावर मेणखडूने लिहून दिलं, ‘पुन्हा घोटा’. तोंडानेही म्हणाल्या, "काका, ठिपके आहेत. कंटाळा करू नका हं."

सुपरवायझर म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी मला काही दिसत नाही. जाऊ द्या पुढे." मी जाऊ दिलं. त्याने माझा हात धरला नव्हता. माझी सलग दुसरी पाळी होती, पाय भरून आले होते. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. नोंदवहीत ‘दोनदा घोटले’ असं मीच लिहिलं.

त्या घाण्याच्या एकोणचाळीस शिड्या झाल्या. दिनांक १९ रोजी त्यांतली एक मधोमध मोडली आणि पाट्या रंगवणारा माणूस वरून पडला. तो कमरेखाली हलत नाही असं कळतं. मी त्याला पाहिलेलं नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो होतो.

कंपनी म्हणते, ताईंनी घाणा पास केला. ते साफ खोटं आहे. तुम्ही कालपासून त्यांना ठाण्यात बाहेर बाकावर बसवून ठेवलं आहे. त्यांची काचपट्टी माझ्या जेवणाच्या डब्यात होती, ती हजर करतो. फेकायला तीनदा काढली, हात धजला नाही.

घाण्यात दोष आहे हे मला कधी कळलं, असं विचारल्यावरून सांगतो की, दिनांक ११ रोजी कारखान्याने मला त्याच घाण्याची एक शिडी भेट दिली. तिच्यावर ४१ चा शिक्का होता. मी ती घरी आणली. जावई छत रंगवणार होते. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा मी ओरडलो. त्यांना खाली उतरवलं, करवत आणली आणि शिडीचे चार तुकडे केले. जावई म्हणाले, "बाबा, नवी कोरी शिडी हो! कापताय कशाला?" मी म्हटलं, वाकडी आहे.

म्हणजे ११ तारखेला मला माहीत होतं. बाकीच्या अडतीस घरांना मी काही कळवलं नाही.

सदतीस शिड्या अजून बाहेर आहेत. माझं काय करायचं ते सावकाश करा, आधी त्या परत मागवा. ताईंना घरी जाऊ द्या.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. करवतीच्या ओळीपाशी साहेब थांबले आणि ही ठेवायची का, असं त्यांनी विचारलं. ठेवा म्हटलं. सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करतो.