डबा उघडायच्या आधी कोणी घरी जायचं नाही

वानखडे काकू, मलकापूरहून मुद्दाम आलेले प्राचार्य साहेब, सरांचे सगळे जुने-नवे खेळाडू आणि धाडकर मंडळी,

माझ्या आधी तीन जण बोलले. तिघंही नीट बोलले, कागद पाहून बोलले. माझ्या हातात कागद नाही. मी दोनदा उठलो आणि दोनदा खाली बसलो, ते तुम्ही पाहिलंच असेल. समीर मागून म्हणाला, "जाय ना बे, सर वाट पाहून राह्यले." सर गेले त्याला आज आठवा दिवस, आणि हा म्हणतो सर वाट पाहताहेत. पण खोटं नाही ते. सर खरंच वाट पाहणारे होते. मैदानात आपण उशिरा आलो की ते रागावत नसत, मनगटावरचं घड्याळ कानाला लावत. चालू आहे का बघत. घड्याळ चालू असायचं, आपणच बंद असायचो.

मला सरांबद्दल रडकं बोलता येणार नाही. कारण त्यांची आठवण आली की मला हसूच येतं. काकू, चालेल ना? काकू हो म्हणताहेत.

तर फुटबॉल. धाडमध्ये फुटबॉल! बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना अजून वाटतं की आम्ही व्हॉलीबॉल पायाने खेळतो. सर कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून आले तेव्हा सामानात दोन बॉल होते, त्यातला एक फुटलेला. त्यांनी तो शिवून आणला चप्पलवाल्याकडून. त्या टाक्यांमुळे बॉल जमिनीवर सरळ जायचाच नाही. आम्ही त्याच बॉलवर शिकलो, म्हणून आमचे पास अजूनही वाकडे जातात. मी कुठे चाललो? हां. स्पर्धा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर हिवाळ्यात मलकापूरला सहा कॉलेजांची स्पर्धा असते. दोन दिवस, एक मैदान. पद्धत बाद. हरला तो घरी. त्यात पुन्हा यजमान संघाला आणि मागच्या वर्षीच्या विजेत्याला थेट उपांत्य फेरीत पुढे चाल. म्हणजे पहिल्या सकाळी खेळायचं उरलेल्या चौघांनी, आणि त्यातल्या दोघांनी अकरा वाजेपर्यंत बॅगा भरायच्या.

आता धाडचा संघ अकराला बॅगा भरतो म्हणजे काय, ते बघा. आम्ही पहाटेच्या एसटीने निघणार. बुलढाण्याला गाडी बदलणार. राजूर घाटात दोन जण हमखास ओकणार, त्यातला एक आमचा गोलकीपर समीर. नऊ वाजता पिवळ्या चेहऱ्याने मैदानात उतरणार. समोरचा संघ ताजा, नुकताच नाश्ता करून आलेला. आणि काकूंनी अख्ख्या संघासाठी केलेले धपाटे आणि ठेचा पिशवीत तसाच. सरांचा नियमच होता, सामन्याआधी पोट भरायचं नाही. हरल्यावर कोणाच्या घशाखाली उतरतंय? डबे जसे गेले तसे परत यायचे. काकू म्हणायच्या, "माह्या धपाट्यांनी मलकापूर पाह्यलं, मी नाही पाह्यलं."

माझ्या पहिल्या वर्षी असंच झालं. शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्या पायात आला. समोर फक्त गोलकीपर, तोही घसरून पडलेला. मी मारला. बॉल खांबाच्या बाहेरून गेला. किती बाहेरून? समीर अजून हाताने दाखवतो, आणि दर वर्षी त्याचे हात थोडे जास्त फाकतात.

आम्ही हरलो. सगळे एसटी स्टँडकडे निघाले आणि मी रेल्वे स्टेशनकडे वळलो. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही. पाय वळले. समोर गाडी उभी होती, तिच्यात चढलो. सुरतला उतरलो. साड्यांच्या घड्या घातल्या. मग भुसावळला हॉटेलात पाव कापले. मग एका ट्रकवर क्लीनर म्हणून इंदूरपर्यंत. इंदूरला पोहे काय मिळतात, पण ते जाऊ द्या. तीन वर्षं गेली. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

तीन वर्षांनी धाडच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकत बसलो होतो. मागून कोणीतरी कॉलर धरली. मला वाटलं, झालं, बाजाराची पट्टी मागणारा आला. वळून पाहतो तर सर.

"काऊन बे," सर म्हणाले, "हरलेला सामना किती वर्षं खेळतो?"

मी कव्हरं सरळ करायला लागलो.

"दुकान गुंडाळ. मले तुह्याशी काम हाय."

सरांनी घरी नेलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर रेघाच रेघा, बाण, खोडाखोड. सगळ्यात वर एकच ओळ, जाड अक्षरात: डबा उघडायच्या आधी कोणी घरी जायचं नाही. सर म्हणाले, ही नवी स्पर्धा. बाकीचं या ओळीखालून काढायचं आहे, आणि मला गाड्यांच्या वेळा सांग. तू चार जिल्हे हुंदडलास, तुला पाठ असतील.

आणि होत्या! आयुष्यात पहिल्यांदा माझं भटकणं कोणाच्या कामी आलं.

तर ती पद्धत अशी. सहा संघांचे तीन-तीनचे दोन गट. पुढे चाल कोणालाही नाही, यजमानालाही नाही. गटात प्रत्येक जण बाकी दोघांशी खेळणार. म्हणजे एक हरला तरी दुसरा सामना आहेच. पहिल्या दिवशी सहा सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत, मग अंतिम. दोन दिवसांत नऊ सामने. बस्स.

प्राचार्य साहेब, तुम्ही हसताय. कारण हे तुम्ही तीन वेळा ऐकलंय. सर दर वर्षी समितीच्या बैठकीला ते कॅलेंडर गुंडाळून न्यायचे आणि तसंच गुंडाळून परत आणायचे.

पहिल्या वर्षी समिती म्हणाली, उजेड पुरणार नाही. सर परत आले आणि आठ दिवस मैदानात बसून ऊन कधी येतं, कधी जातं ते लिहीत राहिले. काकू डबा घेऊन मैदानात. लोकांना वाटलं, सरांना काहीतरी झालं. सामना पन्नास मिनिटांचा केला तर पुरतो, हे निघालं.

दुसऱ्या वर्षी समिती म्हणाली, यजमानांची पुढे चाल काढता येत नाही. का? तर यजमान पोरं पहिल्या सकाळी मैदानाच्या रेघांवर फक्की मारतात, खुर्च्या वाहतात, पोहे वाढतात, पाणी भरतात. ती नऊला खेळणार कशी?

आम्ही एसटीत परत येताना मी चिडलो होतो. सर मात्र खूश. म्हणाले, "पाह्य, कोणी वाईट नाही. खुर्च्या कोण उचलणार एवढाच सवाल होता, अन् आपण समजत होतो का ते आपल्याले हरवून राह्यले."

गाडी घाट चढत होती. समीर त्याच्या कामात होता, खिडकीबाहेर. आणि अचानक सरांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "तिघांच्या गटात दोन खेळतात. तिसरा काय करते?"

"बसते," मी म्हणालो.

"बसते काऊन? तिसरा खुर्च्या उचलंन. तिसरा फक्की मारंन. तिसरा लाइनमनचा झेंडा धरंन."

मी म्हणालो, "सर, झेंडा? ज्याचं नुकसान व्हायचं त्याच्याच हातात झेंडा? तो बेईमानी करंन ना."

सर म्हणाले, "करंन तर करंन. पण त्याच्या हातात दे तर खरं."

तिसऱ्या वर्षी समितीने नेमकं हेच विचारलं. बेईमानी झाली तर? याला सरांकडे उत्तर नव्हतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात त्यांनी इथे, याच मैदानात, सगळी स्पर्धा करून दाखवायची ठरवली. सहाही कॉलेजांची जुनी पोरं जमवली, सहा संघ केले. मी कॉलेजात नव्हतो तरी मला धाडच्या संघात घेतलं.

आमच्या गटात चिखली आणि बुलढाणा. आम्ही बुलढाण्याशी हरलो, चिखलीशी बरोबरीत सोडवला. शेवटचा सामना चिखली आणि बुलढाण्याचा, आणि आम्ही तिसरे. म्हणजे कामावर. समीर खुर्च्यांवर. आणि सरांनी झेंडा दिला माझ्या हातात. मुद्दाम दिला, हे मला आत्ता कळतं.

हिशेब सोपा होता. चिखली हरली तर गुण सारखे, पण गोल आमचे जास्त, म्हणजे आम्ही पुढे. चिखलीने बरोबरी केली तर आम्ही घरी. चिखली एका गोलने मागे होती. वेळ संपली. पण तुम्हाला सरांची सवय माहीत आहे. पंच म्हणून उभे राहिले की वेळ संपली तरी दोन मिनिटं जास्तीची द्यायचेच. दर सामन्याला. कोणी जखमी झालेलं नसो, काही नसो. विचारलं तर म्हणायचे, "कोणाचं तरी काहीतरी राहून गेलं असंन."

त्या दोन मिनिटांत चिखलीने गोल केला. माझ्या डोळ्यासमोर, माझ्या रेघेवर. मागून आमची अख्खी टीम ओरडते, "ऑफसाइड! झेंडा उचल बे! उचल!" समीर तर हातातली खुर्ची वर उचलून दाखवतोय, अशी उचल म्हणून. झेंडा वर गेला असता तर गोल रद्द. सर माझ्याकडे बघताहेत.

ऑफसाइड नव्हता. वीतभराने नव्हता, पण नव्हता. मी झेंडा खालीच ठेवला.

चिखली पुढे गेली, आम्ही बाहेर. समीरने मला काय काय शिव्या दिल्या त्या या सभेत सांगता येत नाहीत, काकू बसल्या आहेत. पण मग दुपार झाली, कडुनिंबाखाली सहाही संघ बसले आणि डबे उघडले. सगळे एकदम. चिखलीवाल्यांनी आमचा ठेचा संपवला. पहिल्यांदा आम्ही हरलेले असून जेवत होतो. आणि जेवता जेवता मला कळलं, मी वळलेलो नाही. पाय इथेच आहेत. ज्या पोराने चुकवलं होतं त्याला सरांनी पुन्हा मैदानात उभं केलं होतं, एवढंच नाही, झेंडा देऊन उभं केलं होतं.

सर जवळ आले. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, "संध्याकाळची गाडी किती वाजता हाय चिखलीले?" मी सांगितली. ते लिहून घेऊन गेले.

आता थोडंच राहिलं.

काल काकूंनी मला बोलावलं. हा डबा दिला. मागे दिसतोय का सगळ्यांना? झाकणावर खिळ्याने कोरलेलं माझं नाव आहे. सुरतच्या गाडीत चढलो त्या दिवसाचा माझा डबा. काकू म्हणाल्या, त्या दिवशी सरांनी पोरांना एसटीत बसवून दिलं आणि स्वतः मलकापूर स्टेशनवर बसून राहिले. दिवस मावळेपर्यंत. प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे बघत, मांडीवर हा डबा. मग घरी येऊन काकूंना म्हणाले, "एक सामना हरला अन् पोरगं गेलं. सामनाच एक होता ना. दुसरा असता तर थांबलं असतं."

कॅलेंडर त्या रात्री उलटं झालं, साहेब.

मला वाटत होतं ही स्पर्धेची गोष्ट आहे.

डबा रिकामा नाही. उघडतो. यात सहा चिठ्ठ्या आहेत. सरांच्या अक्षरात, सहा कॉलेजांची नावं. साहेब, तुमच्या कॉलेजचंही आहे, घडी इतरांसारखीच. दर वर्षी तुम्ही तांब्यातून चार चिठ्ठ्या काढता. यंदा या डब्यातून सहा काढाल का? बैठक पुढच्या आठवड्यात आहे. फक्की मारायला मी येतो. खुर्च्यांना समीर येतो, त्याचा सराव झालाय. उजेडाची वही काकूंकडे आहे. आणि बेईमानीचं उत्तर सरांना मिळालं होतं. समितीपुढे ठेवायचं राहून गेलं, ते आज मी ठेवलं.

आता रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं उभं राहायचं आहे. मी आधीच सांगून ठेवतो, जे उभे राहतील ते सगळे सहा चिठ्ठ्यांना हो म्हणाले असं मी धरणार आहे. साहेब, तुमची अडचण कळते. शोकसभेत बसून कसं राहणार?

हसा, हसा. सरांना चाललं असतं.

पण मग गप्प होऊ. दोनच मिनिटं. त्यांनी आयुष्यभर प्रत्येकाला वाटली तीच, जास्तीची. आज ती त्यांची. त्यांचं काही राहून गेलं असेल तर या दोन मिनिटांत आपल्याला करायचंय.

साहेब उभे राहिले. मी लाइनमन आहे, मी पाहिलं.

काकू, तुम्ही बसून राहा, तुमचं हो आधीपासूनच आहे. बाकी सगळे उठा.

सर, वेळ सुरू.