चर्चमधला वन्समोर

संगीत नाटकाचे वेडे तुम्ही पाहिले असतील, पण आमचे श्रीरामपूरचे जॉनमामा म्हणजे कहर! नाट्यपद आवडलं की हे पहिल्या रांगेतून "वन्समोऽऽर!" अशी आरोळी ठोकणार, आणि गायकाला ते पुन्हा गायला लावणारच.

परवा शनिवारी नगरला नाटक बघून पहाटे घरी आले. रविवारी मामींनी तसंच चर्चला आणलं. मामा बाकावर डोळे मिटून बसलेले. गायनमंडळातल्या शलोमीनं भजन म्हटलं, आणि काय आवाज लागला होता पोरीचा! शेवटचा सूर विरला आणि मामा डोळे मिटूनच गरजले, "वन्समोऽऽर!"

सगळं चर्च गार. मामींनी पदर तोंडावर ओढला. "आगं, सवयीनं गेलं तोंडातून," मामा पुटपुटले. पण तोवर तबलजीनं ठेका धरलाच होता. शलोमी हसत पुन्हा गायली आणि या वेळी सगळ्यांनी टाळ्यांची साथ दिली.

मग पाळकसाहेबांनी चांगला तासभर उपदेश केला, चष्मा काढला आणि मामांकडं बघितलं.

"काय जॉनराव, याला न्हाई का वन्समोर?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मामीच हात जोडून उठल्या, "नको साहेब, एकदाच लई झालं!"