कैदेतल्या राणीची गोष्ट आणि आमच्या वहिनी

मंडळी, नमस्कार. पुढे सतरंजीवर जागा आहे, दारात उभे आहेत त्यांनी आत यावं. मी सुधाकर. देवासला असतो. कुमुदवहिनींचा धाकटा दीर. पीथमपूरच्या कारखान्यात जन्म गेला, मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय. असं हळू बोलणं मला जमत नाही. पण वहिनींच्या या शोकसभेत आता जी भाषणं झाली, ती ऐकून गप्पही बसवत नाही.

बाहेर बोर्डावर लिहिलंय, 'थोर विदुषी'. अहो, हाच हॉल. हाच स्टेज. इथेच त्या विदुषीचा माईक तुम्ही बंद केला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वहिनी इथे धारला कॉलेजात इतिहास शिकवायच्या. रिटायर झाल्या, दादा गेले, मग मुलानं, अभयनं, त्यांना अमेरिकेला बोलावलं. त्याची नोकरी हवाई बेटांवर. आईनं आता तिथेच राहायचं, असं त्याच्या मनात होतं. कागदपत्रांचीसुद्धा तयारी केली होती त्यानं. अभय समोर बसलाय. त्याला विचारूनच बोलतोय मी हे.

त्यानं आईला समुद्र दाखवला, ज्वालामुखी दाखवला. मग एक दिवस तिथला जुना राजवाडा दाखवायला नेलं. पहिल्या मजल्यावर एक खोली. हवाई तेव्हा वेगळा देश, त्याची राणी तिथे कैदेत होती. स्वतःच्याच वाड्यात! उसाच्या मळ्यांचे गोरे मालक एकत्र आले, बंदरातल्या अमेरिकन जहाजावरून शिपाई उतरले, आणि राणीची गादी गेली. पुढे तिच्या माणसांनी उठाव केला तर तिलाच कोंडलं. कोंडलेल्या राणीनं काय केलं? गोधडी शिवली. मधोमध आपल्या देशाचे झेंडे लावले. ती गोधडी तिथे काचेत ठेवलीय.

वहिनी तिच्यासमोरून हलेनात. गाडीत बसल्यावर अभय म्हणाला, "आई, जुनी गोष्ट आहे गं. आता सगळे खूश आहेत इथे."

वहिनी म्हणाल्या, "आपल्याला वाडा दाखवणारी ती बाई तिथलीच होती ना? सांगताना तिचा आवाज कापत होता. ती खूश होती?"

राहायला गेलेल्या वहिनी परत आल्या. मी स्टेशनवर घ्यायला गेलो. मला म्हणाल्या, "भाऊजी, किळस आली हो. लूट केली त्याची किळस आहेच. पण लुटून वर म्हणतात, तुमच्या भल्यासाठी केलं. त्याची जास्त."

वहिनींचे आजोबा देवास दरबारात कारभारी होते. इंग्रज एजंट आला की महाराज उठून उभे राहायचे, हे त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. त्या म्हणायच्या, "संरक्षण म्हणजे काय, ते आपल्या घराण्यांना कुणी शिकवायला नको. आधी तह येतो, मागून पलटण येते."

तर त्या वर्षी गणेशोत्सवात आपण त्यांचं व्याख्यान ठेवलं. लोकांना वाटलं, फोटो बघायला मिळतील, समुद्रबिमुद्र. वहिनींनी राणीची गोष्ट सांगितली. मग क्यूबा. मग फिलिपिन्स. तिथले लोक स्पेनशी लढत होते, अमेरिका म्हणाली आम्ही तुमच्या बाजूनं. आणि स्पेन हरल्यावर तोच देश स्पेनकडून विकत घेतला. देश! माणसांसकट! ती माणसं भांडायला उठली तर त्यांची गावं जाळली. धरून पाडून तोंडात पाणी ओतलं, पोटं फुगेस्तोवर. वहिनी हे सांगत होत्या आणि तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"अरे दीदी, त्योहार का टाइम है, काहे को मूड खराब कर रही हो? आमची दोन्ही मुलं तिकडे सेटल आहेत."

वहिनी म्हणाल्या, "माझाही मुलगा तिकडेच आहे. म्हणून तर सांगतेय."

लोक हसले. कुणीतरी माईकची वायर काढली. वहिनी थांबल्या नाहीत, तशाच बोलत राहिल्या. तुम्ही खुर्च्या सरकवत प्रसादाच्या रांगेत लागलात. मी ओरडलो, "अरे भिया, बाईमाणूस बोलतंय, बसा तरी!" कोण बसलं? पुढच्या वर्षीपासून त्यांना बोलावणंच बंद. आणि आज थोर विदुषी! शिसारी येते हो मला. रोज टीव्हीवर बघतो, अमेरिका म्हणते अमुक बेट आम्हाला हवं, आमच्या सुरक्षेसाठी हवं. तीच भाषा. आणि आपण चहा पीत म्हणतो, बडा देश है, करेगा ही.

वहिनी मात्र रडत बसल्या नाहीत. घरीच शिकवू लागल्या. कॉलेजच्या मुली यायच्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्या मुली आज मागे उभ्या आहेत. त्यांना बोर्ड लिहायला सांगितला असता, हिंदीत का होईना, तर बरं झालं असतं.

आई परत आली, वर हे असं बोलू लागली, त्यानं अभय दुखावला होता. फोन कमी झाले. पण शेवटच्या आजारात तो धावत आला, इंदूरच्या दवाखान्यात आईच्या उशाशी बसून राहिला. एका सकाळी, मी खोलीतच होतो, त्यानं विचारलं, "आई, मी तिथलं अन्न खातो. माझीही किळस येते का तुला?"

वहिनींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "वेडा आहेस. तू माझा आहेस. खुशाल राहा तिथे, मन लावून काम कर. पण माझ्या नातीला त्या वाड्यात घेऊन जा. आणि तिथे काय झालं ते तू सांग तिला. दुसऱ्या कुणावर सोडू नकोस."

अभय म्हणाला, "सांगेन." त्या दिवशी खूप दिवसांनी त्या शांत झोपल्या.

वहिनी, तुमचा धाकटा दीर तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मंडळी, आता श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभे राहा. मोबाइल बंद करा. आणि कृपा करून, निदान आज तरी, मधेच उठून जाऊ नका.