सॅशेव्हरेल म्हणजे हरणाची उडी

हॅलो?… हो, हेस्टरमावशीच. दुसरं कोण असणार या घरात?… अगं इमोजेन, जरा मोठ्याने बोल. कुठून करतेयस फोन?… नोंदणी कचेरीतून? म्हणजे अजून नाव घातलंच नाही? आज बेचाळिसावा दिवस, शेवटचा. सहा आठवड्यांचं पोर आणि अजून बिननावाचं…

हो, हो… अगं ऐक ना. गॅरेथ काय म्हणतो ते मला पाठ आहे. नाव लांबलचक आहे, शाळेत पोरं चिडवतील. चिडवू देत की. तुझ्या नवऱ्याला बस दुरुस्त करता येते, चार अक्षरं जास्त उच्चारता येत नाहीत?… सॅशेव्हरेल हे काही ऐरंगैरं नाव नाही. नॉर्मंडीतल्या एका गावावरून आलंय. हरणाची उडी, असा अर्थ सांगतात… शंभरदा सांगितलंय? मग आणखी एकदा ऐक. आडनाव संपायला आलं की लेकीच्या घरच्या मुलाला ते पहिलं नाव म्हणून द्यायचं, ही आपल्यातली रीत. तुझी आई लग्नाआधी सॅशेव्हरेलच होती. आता ते लावणारी मी एकटी उरले, आणि मला एकोणऐंशी पूर्ण झाली…

नाही, मरणाची भीती घालत नाहीये. वय सांगतेय.

काय?… कुत्र्याचं नाव? कोण म्हणालं?… पबमध्ये? डर्बीशरच्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत… हो, होता. बाबांचा शिकारी कुत्रा होता त्या नावाचा. पाद्र्यालाही चावला, मान्य. म्हणून काय झालं? गॅरेथला म्हणावं, तुझ्या आजोबांच्या डुकराचं नाव जॉर्ज होतं, राजाने आपलं नाव बदललं का?

बायबल?… हो, मीच पाठवलं. बारशाच्या आधी पहिलं पान बघावंस म्हणून. नऊ पिढ्यांची नावं आहेत त्यावर, हाताने लिहिलेली. मग? बघितलीस ना?… कुठली ओळ?… खोडलेली?…



अगं, ती ओळ माझ्या ध्यानातच राहिली नाही… उजेडासमोर धरलंस? आणि वाचता आलं?… हं. पीअर्स. माझा भाऊ. आम्हा दोघी बहिणींहून मोठा… तुझी आई कशी सांगेल? घरात ते नाव काढायची बंदी होती. खाणीत काम करणाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं म्हणून बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. आणि दुसऱ्या दिवशी आडनाव कुत्र्याला दिलं… हो, त्याच कुत्र्याला. जेवणाच्या टेबलावर म्हणाले, ‘मुलापेक्षा हा बरा.’… मी?… मटणावर पुदिन्याची चटणी वाढून घेतली.

पुढे कॅनडाहून त्याचं एक पत्र आलं. बाबांनी न फोडता विस्तवात टाकलं… मी तिथेच उभी होते, इमोजेन. नाव खोडायला दौतसुद्धा मीच आणून दिली होती.

रडत नाहीये गं, राग येतोय. पन्नास वर्षं मीच गावभर सांगत फिरले, घराण्यात मुलगा नाही, नाव बुडालं. होता की मुलगा.

कोण बोलावतंय?… त्या बाईंना थांबायला सांग जरा. आणि तू खरं बोल. तुझ्या मनात कुठलं नाव आहे?…

पीअर्स?… कधी ठरवलंस?… आणि गॅरेथ?… त्याला पसंत आहे?

नको. मागे सॅशेव्हरेल मुळीच लावू नकोस. माझ्यासाठी तर नकोच. ते चर्चच्या भिंतीवर अकरा ठिकाणी कोरलंय, त्याला जपायला दगड आहेत. पीअर्सचं नाव कुठेच नाही… आणि हरणाची उडी म्हणे. आमच्यात ती एकट्याने मारली, त्यानेच.

ऐक, बायबलमध्ये त्या खोडलेल्या ओळीखाली जागा आहे ना? तिथेच लिही. दौतीची शाई आण, पेन्सिल नको…

कोण रडतंय ते? तोच?… अगं घे त्याला आधी… काय म्हणून हाक मारलीस?… मला ऐकू आलं नाही. नीट म्हण… आणखी एकदा म्हण ना गं… हॅलो?… हॅलो?