नाव कोरलेला डबा

दिनांक २० जानेवारी १९९९, दुपारी १.४०. पोलीस ठाणे, पूर्व दिल्ली.

नाव: डॉ. श्रीरंग मुरलीधर तासकर. वय: ५६ वर्षे. व्यवसाय: नोकरी, गाझियाबाद येथील पशुरोग प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. राहणार: सहकारी सोसायटी, मयूर विहार, दिल्ली.

मी समक्ष हजर राहून लिहून देतो की, माझ्या घरचा स्टीलचा एक डबा सापडत नाही आणि तो आजच्या आज सापडणे जरुरीचे आहे. ठाण्यातील तोमरसाहेब हसून म्हणाले, "डॉक्टर साहब, डिब्बे की रिपोर्ट?" त्यांचे हसणे रास्त आहे. हिंदीत सांगताना माझ्याकडून गोष्ट सौम्य होत होती, म्हणून त्यांच्या परवानगीने स्वहस्ते मराठीत लिहीत आहे.

वीस वर्षे मी बैलांच्या शिंगाच्या कर्करोगावर काम केले. १९९६पासून मेंढ्यांच्या मेंदूच्या एका रोगावर करतो. जनावर अंग घासून घासून लोकर काढते, लटपटते, मरते. मेंदूची चाळण होते. हा रोग जंतूने नव्हे, बिघडलेल्या प्रथिनाने होतो. उकळून ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसते. मेंढीपासून माणसाला हा रोग झाल्याचा पुरावा नाही. गाईंच्या तशाच रोगाबद्दलही असेच सांगत होते आणि तीन वर्षांपूर्वी विलायतेत तो शब्द मागे घ्यावा लागला.

डिसेंबर १९९६मध्ये राजस्थानातून परतताना बसमध्ये नमुन्याची बरणी फुटली. मी जेवणाचा डबा रिकामा करून मेंढीचा मेंदू त्यात ठेवला. काम झाल्यावर डबा भट्टीत टाकायला हवा होता. त्यावर माझ्या पत्नीचे नाव कोरलेले होते. तिच्या आईने तो लग्नात दिलेला. माझा हात धजला नाही. डबा मी प्रयोगशाळेतल्या कपाटात मागे सारला, वर धोक्याची सूचना लिहून कागद चिकटवला आणि घरी सांगितले की बसमध्ये राहिला. माझ्या हाताखालच्या कुणी असे केले असते तर मी त्याला घरी बसवले असते.

या महिन्याच्या ११ तारखेला मी कामासाठी हिसारला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रंगकामासाठी कपाटे रिकामी केली. कागद गळून पडला असावा. शिपाई महिपाल यांनी डब्यावरचे नाव वाचले आणि घरी जाता जाता तो पत्नीच्या हातात दिला. त्यांनी भलेपणाने केले, त्यांचा दोष नाही.

पत्नीला फार आनंद झाला. तिने डबा चिंचेने घासला, उकळत्या पाण्याने धुतला आणि त्यात तिळाचे लाडू भरले. रविवारी, १७ तारखेला, घरी हळदीकुंकू झाले. एकतीस बायका आल्या. उरलेले लाडू तिने डब्यासकट एका नव्या बाईंना दिले, घरी लहान मूल आहे म्हणून. त्या पुण्याहून गुडगावला आल्या आहेत आणि नवरा कॉम्प्युटर कंपनीत आहे. मुलाचे नाव उन्मेष, एवढेच पत्नीला आठवते. मी काल परत आल्यापासून हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना फोन करतो आहे. प्रत्येकीला वाटते की त्या नव्या बाईंना दुसऱ्या कुणीतरी आणले.

पत्नी म्हणते, डबा येईल परत, चांगल्या घरातली आहे, रिकामा पाठवणार नाही. मला त्याचीच भीती वाटते. त्या बाई आज त्यात काय भरत असतील, याचाच विचार डोक्यात आहे.

माझी नात इशिता, वय ४, हिने एक लाडू खाल्ला. या रोगाची रक्तात तपासणी होत नाही. वाट पाहावी लागते, दहा वर्षे, कदाचित तीस. बहुधा काही होणार नाही. 'बहुधा' हा शब्द मी आयुष्यभर अहवालांत लिहीत आलो. काल संध्याकाळी इशिता पायात पाय अडकून पडली. चार वर्षांची मुले पडतात, हे मला कळते. तरी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

पत्नीला यातले काही सांगितलेले नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. रिक्षात म्हणाली, "एका डब्यासाठी पोलिसात? अहो, एवढा जीव होता तुमचा त्याच्यावर?" मी हो म्हणालो.

ठाण्यात मराठी वाचणारे कोणी नाही. दुसऱ्याने वाचून दाखवल्याशिवाय जबाब घेता येणार नाही, असे तोमरसाहेब म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पत्नीला आत बोलावले.

वरील मजकूर सौ. पद्मजा श्रीरंग तासकर यांनी शेवटपर्यंत मोठ्याने वाचला व मी तो ऐकला. त्यांच्या सांगण्यावरून एक दुरुस्ती करतो. इशिताने एक लाडू खाल्ला, हे बरोबर नाही. लाडू बुधवारी वळले होते. ती रविवारपर्यंत रोज एक खात होती आणि रोज डब्याचे झाकण चाटत होती. बाकी मजकूर खरा आहे.

सही: श्रीरंग मु. तासकर
वाचून दाखवणार: पद्मजा श्री. तासकर