काचेचे छत, टरबूज आणि एक शब्द

जबाब देणार: शौकत अब्देलगव्वाद अल-मिनियावी
वय: ६८ वर्षे
धंदा: निवृत्त वेळलेखनिक, ट्राम डेपो
राहणार: पाचवा मजला, बन्हावी इमारत, मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया
दिनांक: गुरुवार, १९ जून २०१४, सकाळी १०.४०

मी आज चौकीत स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी १९७९ पासून भाड्याने राहतो. माझी पत्नी इग्लाल, वय ६३, माझ्यासोबत राहत होती. आम्हाला मूलबाळ नाही. इमारतीचे मालक हाजी मुख्तार अल-बन्हावी पहिल्या मजल्यावर राहतात. बंदरावर त्यांचे जहाजी दोरांचे दुकान आहे.

हाजींनी सोमवारी दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. तिच्यात म्हटले आहे की, रविवार दि. १५ रोजी सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी माझ्या पत्नीने निष्काळजीपणाने दोरी सोडली, त्यामुळे टोपली पडून दारावरचे काचेचे छत फुटले. काच फुटली हे खरे आहे. तिचे तुकडे मी पाहिले आहेत.

इमारतीची लिफ्ट चार वर्षांपूर्वी बंद झाली. दुरुस्ती चालू आहे असे हाजी सांगतात. दुरुस्तीचा माणूस या चार वर्षांत मला दिसला नाही, पण मी दिवसभर दारात बसत नाही, तेव्हा येऊन गेला असेल. लिफ्टच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली हाजींकडे आहे. वरच्या दोन मजल्यांवर जुन्या, कमी भाड्याचे भाडेकरू राहतात, खालच्या मजल्यांवर नव्या भाड्याचे. खालच्यांना लिफ्ट लागत नाही. हा योगायोग आहे असे हाजींचे म्हणणे आहे.

इग्लालला हृदयाचा त्रास होता. जिना एकशे चार पायऱ्यांचा आहे. डॉक्टरांनी मनाई केल्यापासून ती खाली उतरली नाही. भाकरी, भाजी, औषधे ती सज्जातून टोपली सोडून घेत असे. त्यासाठीची हिरवी नायलॉनची दोरी हाजींनी स्वतः आणून दिली होती. पाच मजले चढून आले होते, त्यामुळे त्यांना थोडी धाप लागली होती. माझ्यासमोर म्हणाले, "घ्या बाई तुमची लिफ्ट. हिला वीज लागत नाही, आणि ही कधी बंदही पडत नाही." इग्लालने त्यांना लिंबाचे सरबत दिले. तक्रारीत या दोरीला 'अनधिकृत दोरी' म्हटले आहे. देणाऱ्याचे नाव लिहायचे राहून गेले असावे.

काचेचे छत यंदा मार्चमध्ये बसवले. हाजींच्या मुलाचा दातांचा दवाखाना तळमजल्यावर आहे, तेथे येणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून. टोपली त्या जागेवरून चार वर्षे ये-जा करत होती. छत आल्यावर दारवान सबरी काठीने टोपली बाजूला धरून वर सोडू लागला. तक्रारीत 'टोपली छताच्या मार्गात आली' असे लिहिले आहे.

रविवारी सकाळी मी बाजारातून टरबूज आणले. अंदाजे सात किलोचे होते. माझा उजवा गुडघा दुखतो. टोपली खालीच होती. टरबूज तिच्यात मी ठेवले. सबरीने ठेवले असे तक्रारीत आहे, ते चूक आहे.

इग्लाल सज्जात आली. तिने वरून विचारले, "अहो, एवढं मोठं कशाला? अख्ख्या गल्लीला वाटायचंय का?"

मी म्हणालो, "गोड आहे म्हणाला फळवाला. हळू ओढ. प्रत्येक मजल्याला दोरीचा गजाला वेढा घाल."

ती म्हणाली, "मला नका शिकवू. चार वर्षं मी ओढतेय, तुम्ही नाही. जा आता, तुमचा डाव खोळंबलाय."

साडेअकराला कॉफीच्या दुकानात डॉमिनोचा डाव ठरला होता. मी ११ वाजून १४ मिनिटांनी निघालो. डेपोत एकतीस वर्षे गाड्यांच्या वेळा लिहिल्यामुळे घड्याळ बघायची सवय आहे. कोपऱ्यावरून वळताना वर बघितले नाही. पहिला डाव मी जिंकलो.

पुढचे मी पाहिलेले नाही. दाराशी भाजी विकणाऱ्या उम्म रिदा यांनी सांगितले ते असे. टोपली थांबत थांबत चौथ्या मजल्यापर्यंत गेली. तेथे ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, आणि मग एकदम खाली आली. दोरीचे टोक सज्जाच्या गजाला बांधलेले होते, पण दोरी जमिनीपर्यंत पुरेल एवढी लांब असल्याने छत वाचले नाही.

हाजी बाहेर आले आणि वर बघून ओरडू लागले. "अहो बाई, हातात जीव नाही का तुमच्या? खाली बघा तरी! कुणाचं डोकं फुटलं असतं म्हणजे?" उम्म रिदा त्यांना म्हणाल्या, "हाजी, बाई दिसत नाहीयेत." हाजी म्हणाले, "दिसतील कशा? आत जाऊन लपल्यात!" असे सात-आठ मिनिटे चालले. त्यानंतर सबरी जिना चढून गेला. शेजारणीकडे आमची किल्ली असते, ती घेऊन त्याने दार उघडले. इग्लाल सज्जात पडली होती.

तक्रारीच्या चौथ्या ओळीत असे वाक्य आहे: 'सदर स्त्रीने खाली पाहून माफी मागण्याचे साधे सौजन्यही दाखवले नाही.' या वाक्याला माझी हरकत नाही. घटनेशी जुळते.

रुग्णवाहिका आली तेव्हा हाजींनी कुलूप काढले. लिफ्ट पहिल्याच बटणाला वर आली. आवाजसुद्धा करत नव्हती. तीन दिवस भेटायला येणारे लोक लिफ्टने वर आले. माझी मेहुणी म्हणाली, "लिफ्ट चांगली आहे हो तुमची." काल रात्री शेवटचे लोक गेल्यावर पुन्हा कुलूप लागले. दुरुस्ती चालू आहे.

हाजी पहिल्याच दिवशी भेटायला आले. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "शौकतभाई, तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." मी रीतीप्रमाणे उत्तर दिले. उठताना म्हणाले, "घाई काही नाही, पण काच इटलीची होती." चांगल्या घरचा माणूस आहे. दुखवट्याची, साखर न घातलेली कॉफी पूर्ण संपवून मगच बोलला.

भाडेकराराच्या अकराव्या कलमानुसार भाडेकरूच्या हातून झालेले नुकसान भाडेकरूने भरून द्यायचे असते. हाजींनी तक्रारीत ते कलम दिले आहे. सातवे कलम लिफ्ट आणि जिना मालकाने चालू स्थितीत ठेवावा असे आहे. करार एकाच पानाचा आहे, तेव्हा ते त्यांच्याही प्रतीत असेल. माझी प्रत सोबत जोडली आहे. काच बसवून द्यायला मी तयार आहे. तसे हाजींना मंगळवारीच सांगितले.

त्यावर हाजींनी एक कागद आणला. पत्नीच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, लिफ्टचा त्याच्याशी संबंध नाही, असे त्यावर लिहिलेले होते. सही केली तर काच माफ. मी सही केली नाही. ठाणे अंमलदार हाझिम साहेब आज मला म्हणाले, "काका, मिटवून टाका. काचही वाचतेय. एका शब्दासाठी कशाला ताणता? त्या तर गेल्या." मी म्हणालो, "साहेब, ती गेली म्हणूनच. ती असती तर तिनं स्वतःच उत्तर दिलं असतं, आणि ते हाजींना लिहून घ्यायलाही जमलं नसतं." साहेब हसले. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

'निष्काळजीपणा' या शब्दाबद्दल माझे म्हणणे असे. इग्लालला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "भाईसाहेब, दोन्ही तळहात सोललेत बाईंचे. दोरी सोडलेली नाही त्यांनी. हातातून ओढत गेलीय ती." त्या आज जबाब द्यायला येणार आहेत. सोडलेल्या दोरीने हात सोलत नाहीत, हे दोरांच्या व्यापाऱ्याला मी सांगायला नको.

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी वेळ 'दुपारी बाराच्या सुमारास' अशी लिहिली आहे. घरात कोणी नव्हते. हाजींनी मात्र काच फुटताक्षणी घड्याळ पाहिले होते. ११ वाजून २२ मिनिटे. नक्की वेळ दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही. याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तक्रारीची एक नक्कल मला मिळावी, असा अर्ज केला आहे.

टोपली आणि दोरी चौकीत जप्त आहेत. तपास संपल्यावर टोपली परत मिळावी. दोरी हाजींना द्यावी, त्यांची आहे.

तपासात कोणाचा तरी निष्काळजीपणा नोंदवावाच लागतो असे साहेबांनी सांगितले. तसे असेल तर माझी अडचण नाही. सात किलोचे टरबूज हृदयाचा त्रास असलेल्या बाईच्या टोपलीत मी ठेवले, आणि ते वर पोहोचेपर्यंत थांबलो नाही. लिफ्टची किल्ली कोणाच्या खिशात होती ते वर आले आहे. दोन नावे होतात. तिसरे नको.

हा जबाब लेखनिकाने मला मोठ्याने वाचून दाखवला. 'निष्काळजीपणा' या शब्दापुढे सवयीने इग्लालचे नाव पडले होते. ते मी खोडायला लावले, तेथे माझे नाव घातले आणि समासात सही केली. आता मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(सही)
शौकत अब्देलगव्वाद अल-मिनियावी
वेळ: ११ वाजून २२ मिनिटे