दाजीबाच्या वावरातल्या मधल्या ओळी

मंडळी, रामराम. चांदभाई, सलाम.

मले सभेत बोलाची सवय नाही. वावरात बैलायशी बोलतो, ते ऐकून घेतात अन् चालू लागतात. पण अध्यक्ष महाराजायनं माझं नाव घेतलं, कारण दाजीबा पाटलाचा सर्वात जुना दोस्त मीच. आमची वावरं बांधाले बांध लागून. दोस्ती बांधावरची, भांडणंही बांधावरचीच. फोटो काढाले दाजीबा कधी बुलढाण्याले गेला नाही, म्हणून त्याचं पागोटं समोर पाटावर ठेवलं आहे. त्या पागोट्याकडं पाहून बोलणं लय कठीण आहे हो.

केवढे लोक आले तुम्ही! जानेफळचे आले, खामगावचे अडते आले, सरकारी शेती-फारमाचे साहेब आले. साहेब, माझी बोली तुमाले गावठी वाटन. वाटू द्या.

मेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. मी आधी चांगलंच बोलतो. मग जे बोलाचं आहे ते बोलतो. कारण ते आज बोललं नाही, तर चांदभाईच्या नावाले लागलेला डाग त्यायच्यासोबतच कबरीत जाईन. चांदभाई तिथी निंबाखाली, चपलायच्या ढिगाजोळ बसले आहेत. कोणी त्यायले पुढं बस म्हटलं नाही. काऊन नाही म्हटलं?

ऐका. गावाले ठाऊक आहे, पण पाव्हण्यायसाठी सांगतो.

आपल्याकडं ज्वारीचं रडगाणं जुनं. जिचा दाणा पांढरा टपोरा, तिचा धांडा बांबूसारखा कोरडा, बैल हुंगून सोडून देते. जिचा धांडा गोड, तिचा दाणा बारीक अन् भाकर काळी. दाजीबा म्हणे, "किसना, मले एकाच ताटावर दोन्ही पाहिजे. वर माणसाची भाकर, खाली बैलाचा कडबा." मी म्हटलं, "तू बायकोही अशीच मागितली होती, रूपाची अन् कामाची." तर म्हणे, "भेटली ना बे!" गंगावहिनी, असंच म्हणाला होता तो.

मग सोंगणीच्या आधी हा माणूस वावरातून हिंडे. लोक कणीस पाहतात, हा धांडा चावे. पानं बाजूले करून, वाकून, चावे अन् थुंके. पसंत पडला की त्या ताटाले जुन्या लुगड्याची चिंधी बांधे. चिंधीची कणसं वेगळी खुडायची, चुलीवरच्या आढ्याले टांगायची, धुरात ठेवायची, अन् पुढच्या साली तेवढंच पेरायचं. हे त्यानं माझे केस काळे होते तेव्हापासून केलं. निम्मं माझ्या वावरात केलं, माझ्या हातानं केलं. शेवटी ती ज्वारी आली. मोत्यासारखा दाणा, अन् कडबा असा की बैल बुडखासुद्धा ठेवत नव्हते. गावानं तिले नाव दिलं, दाजीबाची पांढरी. माझं नाव नाही दिलं. मले त्याचं काही वाटलं नाही. देवाशपथ, तवा नाही वाटलं.

पण ज्वारीचं लग्न वारा लावते. शेजारच्या वावरात दुसरी जात फुलली, तर आपल्या कणसात तिचं रक्त शिरते, अन् पुढच्या साली पोरं मिसळीची निघतात. म्हणून चावडीवर तिफनीले हात लावून शपथ झाली. आपल्या शिवारात पांढरीशिवाय दुसरी ज्वारी फुलाले नाही पाहिजे. चांदभाई गाडीवाले माणूस, त्यायले बैलायसाठी हिरवा चारा लागे. म्हणून चाऱ्याची ज्वारी ते दाट पेरत अन् पोटरीत असताना, कणीस बाहेर पडाच्या आधीच कापत. त्यायनंही तिफनीले हात लावला. दाजीबानं सगळ्यात आधी लावला.

मग फारमाच्या साहेबायनं बी मागितलं. वऱ्हाडची जमीन निजामाची, हुकूम नागपूरच्या इंग्रजाचा, अन् ज्वारी आपल्या गावची, अशी आम्ही छाती फुगवून गंमत करत होतो. बी गेलं. फारमात पेरलं. अन् पुढच्या साली आले साहेब, हातात कणसं घेऊन. अर्धी आपली. अर्धी सैल, वाकड्या मानेची. साहेब म्हणाले, "पाटील, ही जात नाही, ही मिसळ आहे." खोटं बोलले नाहीत ते. आम्ही दुसऱ्या दिवशी आपापली वावरं पाहिली, तर तिथीही वाकड्या माना. साऱ्या शिवाराचं बी बाटलं होतं.

आता दोष कोणाचा? ज्याच्या वावरात दुसरी ज्वारी होती त्याचा. अन् ती होती एकट्या चांदभाईकडं. चांदभाई चावडीवर उभे राहून म्हणाले, "मी पोटरीतच कापली. अल्लाची कसम, एक कणीस बाहेर पडू दिलं नाही." पण पुरावा कुठून देतील हो? त्यायची ज्वारी तर बैलायच्या पोटात गेली होती! सगळे दाजीबाकडं पाहू लागले. पाटील तो, अन् ज्वारीचा बापही तो. तो काय म्हणाला? काहीच नाही. मान खाली घालून बसला. मले वाटलं, दुःखानं बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अन् त्याच्या वतीनं मीच बोललो चांदभाईले, जे बोलाले नव्हतं पाहिजे ते.

तवापासून चांदभाईच्या वावरात कोणी इर्जिकीले गेलं नाही. सगळ्यायच्या जोड्या मिळून एकमेकायची वावरं नांगरायच्या, चांदभाईचं तेवढं वगळायचं. त्यायनं ज्वारी पेरणंच सोडलं. शेतकरी माणूस मेहकरच्या बाजारातून ज्वारी आणून भाकर खाऊ लागला. आपण ते पाहत राह्यलो.

अन् दाजीबा? दाजीबा दरसाल एक गाडी कडबा चांदभाईच्या दारात टाकून येई. मी म्हणे, "काऊन देतो बे त्याले?" तर म्हणे, "बैलायचा काय दोष, किसना?" मले वाटलं, केवढं मोठं मन! मी चार गावात त्या कडब्याचं कौतुक केलं. लग्नात सांगितलं, बाजारात सांगितलं.

आता परवाची गोष्ट ऐका. दहाव्याच्या सकाळी मी सामान आणाले दाजीबाच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी लाह्या फोडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले हुरडा लय आवडे. आता कुठून हुरडा? म्हणून त्याच ज्वारीच्या लाह्या ठेवते पिंडाजोळ." मी म्हटलं, "पांढरीच्या लाह्या बऱ्या फुटत नाहीत, वहिनी." त्या म्हणाल्या, "पांढरीच्या नव्हेत. त्यायच्या हुरड्याच्या ज्वारीच्या." अन् आढ्यावरची जुडी दाखवली.

मंडळी, सैल कणसं. वाकड्या मानेची.

मी विचारलं, "कुठी पेरत होते?" त्या भोळेपणानं म्हणाल्या, "वावरात, ऐन मधात, चार ओळी. पोरगी वच्छी दिवाळीले माहेरी येते ना, तिले अन् त्यायले. पांढरीचा हुरडा कडक लागते म्हणत. कोणाले दिसू नाही म्हणून मधात." वहिनीले ना वाऱ्याचं लग्न ठाऊक, ना चावडीवरचं बोलणं. अन् मी, बांधावरचा माणूस, मले कधी दिसलं नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची नसते त्याच्याकडं आपण पाहतच नाही.

म्हणजे ज्यानं शपथ घातली त्यानंच मोडली. अन् कशापायी? जिभेपायी! आपणच घडवलेली ज्वारी त्याले हुरड्याले गोड लागत नव्हती. एवढंच ना? अरे, मग चावडीवर सांगायचं होतं! आम्ही हसलो असतो. चार शिव्या दिल्या असत्या, अन् पुन्हा चिंध्या बांधाले लागलो असतो. पण तो मान खाली घालून बसला, अन् दुसऱ्याची मान कायमची खाली घातली.

मी ते सामान घेऊन नदीवर गेलो. पिंड मांडला. मले वाटलं, आज कावळा शिवत नाही. एवढं ओझं घेऊन गेलेला माणूस, त्याचा जीव अडकला असन. मी हात जोडून मनात तयारच होतो, की दाजीबा, चांदभाईचं मी पाहतो, तू जा. पण मले ते म्हणाची पाळीच आली नाही. पान ठेवून आम्ही मागं सरत नाही तर कावळा आला. पिंडाले शिवला. लाह्याही खाऊन गेला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, काही इच्छा बाकी नव्हती.

काही बाकी नव्हती, दाजीबा? काहीच नाही? खरं सांगतो मंडळी, तो मेला तवा मी रडलो. पण कावळा शिवला तवा माझा दोस्त गेला.

हे इथी सांगू का, म्हणून मी वहिनीले विचारलं. आधी त्यायले सगळं उलगडून सांगितलं. मग म्हणाल्या, "सांगा, भाऊजी. मले माहीत असतं तर त्याच दिवशी मी पदर खोचून चावडीवर आली असती." धन्य आहे ती बाई. नवऱ्यापेक्षा खरी निघाली.

काय? चांदभाई, उठले काऊन? थांबा. जाऊ नका. काय म्हणता? जोरानं म्हणा, सगळ्यायले ऐकू येऊ द्या.

ऐकलं का, मंडळी? ते म्हणून राह्यले, "मेलेल्या माणसाले कायले उघडं करता, भाऊ? कडबा टाकाले येई तवा दारात लय वेळ उभा राहे. मी समजून गेलतो."

समजून गेलतो! अन् चूप राह्यले. तुम्हीही चूप, तोही चूप. मग बोलाचं कोणी हो? तुमचा मोठेपणा तुमच्यापाशी ठेवा, चांदभाई. मले तेवढा नाही. मी त्याले माफ केलं असं आज म्हणणार नाही. म्हटलं तर खोटं होईन, अन् या पागोट्यापुढं खोटं लय झालं.

त्याचं काम मोठं होतं, ते कोणी नाकारू नये. आपल्यापाशी आता डोळे आहेत, चावाले दात आहेत, चिंध्या आहेत. वाकड्या माना उपटून पांढरी पुन्हा निवडता येईन. पण यंदा तिफनीत पहिली मूठ चांदभाईच्या हातानं पडन, अन् त्यायच्या वावरात इर्जिक सगळ्यात आधी होईन. ज्याले नामंजूर असन त्यानं आत्ता सांगावं.

कोणी नाही? ठीक.

दाजीबा, रामराम. इतकी वर्षं एका बांधावर काढली आपण, अन् तू त्या हुरड्याले मले एकदाही बोलावलं नाहीस रे.

आता उभे राहा, मंडळी. दोन मिनिटं शांत राहू. पण पागोट्याकडं नको. चांदभाईकडं तोंड करून उभे राहा.